सरपंचबाईंचे संगणकीय दात

रविवार, २ नोव्हेंबर १९९७. सकाळी ७.१० (ठरलं होतं ५.३०)

दिवाळी संपली. आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं. खरं हे की, अख्ख्या नगर जिल्ह्यात दातांच्या लाईनमध्ये माझ्याइतका पुढचा विचार करणारा माणूस नाही.

मागच्या महिन्यात पुण्याच्या प्रदर्शनात एका परदेशी मशीनची व्हिडिओ कॅसेट पाहिली. पेशंटच्या तोंडात छोटा कॅमेरा घालतात, दात टीव्हीवर दिसतो, तिथेच नवा दात आखतात आणि शेजारचं मशीन चिनीमातीच्या ठोकळ्यातून तो कोरून काढतं. तासाभरात! कॅसेट सात वेळा पाहिली. आठव्या वेळी स्टॉलवाल्याने टीव्ही बंद केला. तापला असणार.

आणि इथे आमची कल्याण डेंटल लॅब, नगरमधलं दिल्ली गेट, सायकलच्या दुकानाच्या वर. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप डबीत घालून पाठवतात. आम्ही त्यात प्लास्टर ओतून साचा करतो, साच्यावर मेणाचा दात कोरतो, मेणाचा धातू करतो, धातूवर पोर्सेलीन, म्हणजे चिनीमाती, लावून भट्टीत भाजतो. एकविसावं शतक उंबऱ्यावर आलंय आणि आम्ही सगळं हाताने! हात म्हणजे चांगुणाबाईंचे. अकरा वर्षांपूर्वी त्या प्लास्टरची भांडी धुवायला आल्या होत्या, मीच त्यांना वर आणलं. माझा अंगठा दुखतो, त्यामुळे कोरायचं त्या बघतात आणि डोकं मी चालवतो.

संकल्प: पहाटे उठणे. रोज एक इंग्रजी शब्द पाठ. कोणावर ओरडायचं नाही. आणि शिमग्याच्या आत नगरमध्ये कॉम्प्युटरने केलेला दात.

बुधवार, ५ नोव्हेंबर

मशीनची किंमत पत्राने आली. आरतीने (पत्नी, झेडपीत क्लार्क, स्वभावाने सावध) आकडा वाचला, पत्राची घडी घातली, पाकिटात सरकवलं आणि पाकीट पुन्हा डिंकाने चिकटवून टाकलं.

मी खचलो नाही. मशीन म्हणजे शेवटी काय? एक डोळा, एक मेंदू, एक हात. डोळा म्हणजे स्कॅनर. मेंदू म्हणजे कॉम्प्युटर. हात एमआयडीसीत काकासाहेबाकडे आहेच. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याच्या सीएनसी मशीनवर (आकडे भरले की आपोआप कोरणारं) साखर कारखान्याच्या पंपाचे पार्ट होतात. पंप काय आणि दात काय, दोन्ही रसातच चालायचे.

आजचा इंग्रजी शब्द: रिव्होल्युशन.

रविवार, ९ नोव्हेंबर

पोर्सेलीनची भट्टी विकून टाकली. कॉम्प्युटर त्यातूनच येणार. घेतली कोणी, तर भिंगारच्या डॉ. वृषालीमॅडमनी. लॅबचं निम्मं काम त्यांच्या दवाखान्यातून येतं. विचारलं, तुम्हाला कशाला हवी? म्हणाल्या, असू द्या हो कल्याणराव, उपयोगाला येईल. मी हसू दाबलं. एवढं शिकलेलं माणूस, आणि भंगार घेतं.

हमाल भट्टी खाली नेत होते तेव्हा चांगुणाबाई जिन्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘साहेब, आता पोर्सेलीन कशात भाजायचं?’ मी म्हणालो, भाजायचं युग संपलं. त्यांना ते नीट कळलं नसावं, कारण त्यांनी तोच प्रश्न परत विचारला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कॉम्प्युटर आला! फोर-एट-सिक्स. सावेडीतला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला, तिथला. सोबत स्कॅनर, काचेचा, झाकणवाला. पूजा केली, नारळ फोडला. कुंकू लावताना थोडं फ्लॉपीच्या फटीत गेलं. आता घातलेली प्रत्येक फ्लॉपी लाल होऊन बाहेर येते. शुभच आहे.

पेंटरकडून बोर्ड रंगवून घेतला: ‘संगणकीकृत दात. जिल्ह्यात प्रथमच.’ सायकलवाला बराच वेळ बोर्डाकडे बघत होता. मग म्हणाला, दुखतंय का करताना? त्याला उद्या सविस्तर समजावणार.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

कॉम्प्युटर बंद. मेकॅनिकने उघडला तर आत प्लास्टरची पांढरी धूळ. चार दिवसांत एवढी? असं तो मलाच विचारू लागला. जसं काही मी आत भरली.

निर्णय घेतला. आजपासून लॅबमध्ये प्लास्टर बंद. चपला बाहेर. चांगुणाबाई म्हणाल्या, ‘साहेब, दाताची लॅब हाय ना ही? प्लास्टरबिगर साचा कसा व्हायचा?’ मी ओरडलो नाही. शांतपणे त्यांचं टेबल गॅलरीत हलवायला सांगितलं. गॅलरीत हवा आहे, उजेड आहे, खाली सायकलचं दुकान असल्यामुळे करमणूक आहे. लोक अशा जागेसाठी महाबळेश्वरला जातात.

रविवार, २३ नोव्हेंबर

दाताचं सॉफ्टवेअर भारतात मिळत नाही. ओळखीच्या एका इंजिनिअरकडून घराचे नकाशे काढायचं आणलं. चौदा फ्लॉप्या. अकरावी खराब निघाली. इंजिनिअर म्हणाला, तिच्यात जिन्याचा भाग होता. दाताला जिना लागत नाही, तेव्हा अडचण नाही.

पहिली दाढ काढायला घेतली. प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन, सगळं व्यवस्थित. प्रोग्राम मधेच विचारतो, मजले किती? मी ‘तळमजला’ भरलं.

सोमवार, १ डिसेंबर

दाढ पूर्ण. आठ दिवस लागले, पण काय दिसते! स्क्रीनवर हळूहळू फिरते. आरतीला बोलावून दाखवली. ती म्हणाली, पाण्याची टाकी छान आलीय. झेडपीत राहून माणसाची नजर तशीच होते.

गॅलरीत डब्या साठल्यात. श्रीगोंद्याच्या डॉक्टरांचा दोनदा फोन आला. त्यांना सांगितलं, आम्ही सध्या भविष्यकाळात काम करतोय. त्यांनी ठेवून दिला.

गुरुवार, ४ डिसेंबर

ज्या केसची वाट बघत होतो ती केस आली!

रंगुबाई. खर्ड्याजवळच्या एका वाडीच्या सरपंच. वय पंचेचाळीसच्या आसपास. धार काढताना म्हशीने लाथ मारली आणि वरचे पुढचे दोन दात गेले. बहीण भिंगारला राहते म्हणून वृषालीमॅडमकडे आल्या. मॅडमनी बोलावलं, मी गेलो. चांगुणाबाईंनाही बोलावलं होतं, म्हणून त्याही आल्या.

शेजारचे दोन दात घासून चार दातांचा एकसंध पूल बसवायचा, तोवर प्लास्टिकचे तात्पुरते दात. मुदत २६ जानेवारी. त्या दिवशी बाई झेंडा लावून भाषण करणार. मी म्हणालो, भाषणाचं एवढं काय? त्यावर बाई उसळल्याच. ‘गेल्या साली झेंडा मी लावला आन् भाषन उपसरपंचानं वाचलं. माझा चुलतदीर हाय त्यो. म्हनला, वहिनीला बोलता येत न्हाई. सारा गाव ऐकत हुता. औंदा मी बोलनार म्हंजी बोलनार. आन् तोंडाव पदर धरून न्हाई बोलनार, डाक्टर!’

मला त्या डाक्टर म्हणाल्या. मी दुरुस्त केलं नाही. पेशंटचा विश्वास महत्त्वाचा.

चांगुणाबाईंनी त्यांना खिडकीत उजेडाला बसवलं. मिश्री कोणत्या बोटाने लावता, पहिलं कोणत्या बाजूला घासता, भाकरी कुठल्या दाताने तोडता, असलं काहीबाही विचारत बसल्या. मला हळूच म्हणाल्या, ‘मिश्रीनं डाव्या अंगाला मुळाशी जास्त काळं हाय, साहेब. आन् एक दात दुसऱ्याव चढलेला हुता म्हनं. तसंच ठेवावं लागंल. दात पांढरा करून चालत न्हाई, दाताला उमर असती.’ मी सगळं ऐकून घेतलं आणि जाहीर केलं, ही केस कॉम्प्युटर करणार.

मॅडमनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाल्या, कल्याणराव, सव्वीस जानेवारी पुढे ढकलता येत नाही. मी म्हणालो, मॅडम, कॉम्प्युटरला सुट्टी माहीत नसते.

मंगळवार, ९ डिसेंबर

रंगुबाईंच्या दातांचा साचा स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवला. झाकण लागेना, म्हणून वर डिक्शनरी ठेवली. काचेला चरा गेला. स्क्रीनवर दातांची टोकं आली, खोली आली नाही. आता खोली व्हर्निअरच्या मोजपट्टीने मोजायची. चारशे बारा ठिकाणी. याला इंग्रजीत डेटा म्हणतात. आजचा शब्द तोच.

सोमवार, १५ डिसेंबर

चार संध्याकाळी मी आकडे वाचतोय, आरती ऑफिसातून येऊन टाईप करतेय. आज तीनशे एकोणनव्वदाव्या आकड्याला लाईट गेली.

आरतीने अंधारात विचारलं, सेव्ह केलं होतं ना? मी म्हणालो, सेव्ह सगळं झाल्यावर करतात. ती उठून भाकऱ्या करायला गेली. भाकऱ्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. एमएसईबीला कडक पत्र लिहिणार.

शनिवार, २० डिसेंबर

चांगुणाबाई गेल्या. म्हणजे मीच परवानगी दिली.

गॅलरीत वाऱ्याने प्लास्टर उडतं, साचे धड होत नाहीत, तीन डॉक्टरांनी काम काढून घेतलं, हे सगळं त्यांनी मला सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं सांगितलं. मग म्हणाल्या, ‘वृषालीमॅडमनी दवाखान्यामागची खोली दिलीया. तिथं बसंन म्हनते.’ मी म्हणालो, बसा, बसा, या वयात विश्रांती हवीच. तंत्रज्ञान आणि माणूस या विषयावर दहाएक मिनिटं बोललो. त्यांनी उभ्यानेच ऐकलं. मग स्वतःच्या मेण कोरायच्या सुऱ्या पिशवीत भरल्या, भांडी धुऊन पालथी घातली, किल्ली टेबलावर ठेवली आणि गेल्या.

लॅब फार शांत वाटते. कॉम्प्युटरला शांतताच लागते.

बुधवार, ३१ डिसेंबर

डेटा पूर्ण. या वेळी दर दहा आकड्यांना सेव्ह. आरती आता माझ्याशी आकड्यांतच बोलते.

मटेरिअलचा प्रश्नही सुटला. परदेशी ठोकळा मिळत नाही, पण काकासाहेबाकडे नायलॉनचा पांढराशुभ्र रॉड आहे, पंपाचे बुश (दांड्याभोवतीच्या कड्या) करायचा. तो म्हणाला, ‘कल्या, लेका, ह्याचा बुश बारा सीझन झिजत नाही बघ.’ पोर्सेलीन पडलं तर फुटतं. हा दात ट्रकखाली गेला तरी टिकेल. रंगुबाई भाग्यवान.

नव्या वर्षाचा संकल्प: पहाटे ५.३० ऐवजी ६.३०. माणसाने वास्तवाला धरून असावं.

मंगळवार, ६ जानेवारी १९९८

पूल तयार होऊन आला. सुरेख. मात्र साच्यावर बसेना. डावं ते उजवीकडे आणि उजवं ते डावीकडे झालंय. कारण सापडलं. साचा पालथा ठेवला होता, म्हणून चित्र उलटं असणार असं धरून मी ते सुलटं करून घेतलं होतं. ते आधीच सुलटं होतं. ही गोष्ट कॉम्प्युटरने मला सांगायला हवी होती.

काकासाहेब एवढा हसला की शेडमधली माणसं मशीन बंद करून बघायला आली. मी मात्र विचार करत होतो. माणूस स्वतःचे दात बघतो कशात? आरशात. आरशात डाव्याचं उजवं होतं. म्हणजे हा पूल रंगुबाईंना आरशात अगदी बरोबर दिसेल! उत्साहाने मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, कल्याणराव, पूल तोंडात बसवायचाय, आरशात नाही.

तज्ज्ञ लोकांकडे लवचीकपणा कमी असतो.

मंगळवार, १३ जानेवारी

दुसरा पूल. साच्यावर बसला! काकासाहेबाने थोडी कानस मारली, पण ती मी हिशोबात धरत नाही. चारही दात एका मापाचे, एका उंचीचे, एका रंगाचे. वाकडा नाही, चढलेला नाही, कुठे डाग नाही. चांगुणाबाईंना अकरा वर्षांत एकदाही दोन दात एकसारखे करता आले नव्हते.

गुरुवार, १५ जानेवारी

ट्रायल. भिंगार.

पूल तोंडात बसला, थोडा दाबावा लागला. रंगुबाईंनी आरसा घेतला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘डाक्टर, ह्ये माझ्या तोंडात कुनाचं दात हायेत?’ बहीण हसली आणि लगेच गप्प झाली.

मॅडम म्हणाल्या, भाषण म्हणून बघा. बाईंनी सुरुवात केली. ‘प्रजासत्ताक’ म्हणताच शिट्टी वाजली. ‘सरपंच’ला वाजली, ‘ग्रामस्थां’ना तर दोनदा. दवाखान्याच्या पायरीवर एक कुत्रं झोपलं होतं, ते शेपूट हलवत आत आलं. मी मॅडमना म्हणालो, जिभेला सवय व्हावी लागते. काही आठवडे जातात.

रंगुबाई म्हणाल्या, ‘अकरा दिस ऱ्हायलं, डाक्टर. तिकडं भावकी हसायला टपूनच बसलीया. शिट्टी वाजली की संपलंच माझं. परत कवाच माईक हातात यायचा न्हाई.’ आणि त्यांचे डोळे भरून आले. आनंदाने असावेत. आधुनिक दात पहिल्यांदा बसला की पेशंटचं असं होतं.

चांगुणाबाई मागच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या होत्या.  मॅडमनी पूल काढून रंगुबाईंच्या हातात दिला आणि तात्पुरते दात परत बसवले. बहुधा जिभेला विश्रांती म्हणून.

सोमवार, १९ जानेवारी

तीन दिवस विचार करून निष्कर्षाला आलो. दात बरोबर आहेत. दोष भाषणात आहे.

बहिणीकडून भाषणाची नक्कल मागवली. दोन पानांत ‘स’ आणि ‘श’ मिळून चौऱ्याण्णव. अशा भाषणाला कुठलाही दात शिट्टीच वाजवणार. सगळं नव्याने लिहायला घेतलं. ‘नमस्कार’ काढून ‘राम राम’. ‘सरपंच’ऐवजी ‘गावप्रमुख’. ‘रस्त्या’ची ‘वाट’ केली, ‘स्वच्छते’ची ‘टापटीप’, ‘शाळे’चं ‘विद्येचं मंदिर’. ‘प्रजासत्ताक दिना’ला ‘झेंड्याचा दिवस’ केलं आणि वाचून बघितलं तर ‘दिवस’मध्ये ‘स’ लपून बसलेला! ‘झेंड्याचा वार’ केलं. ‘संविधाना’पाशी दोन तास अडलो. शेवटी ‘मोठा कायदा’.

भाषण आता खणखणीत झालंय. मूळ लिहिणाऱ्याला भाषेची जाण कमीच होती.

गुरुवार, २२ जानेवारी

भाषण भिंगारला नेऊन दिलं. मॅडमनी दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली. वाचताना त्यांनी तोंडावर हात धरला होता. मग पानं पेपरवेटखाली ठेवली आणि म्हणाल्या, छान, राहू द्या माझ्याकडे.

मागच्या खोलीत डोकावलो. रंगुबाई खिडकीत तोंड उघडून बसलेल्या आणि चांगुणाबाई समोर स्टुलावर. बायकांना गप्पांना विषय लागत नाही. खोलीत भट्टी चालू होती. जानेवारीत भिंगारला गारठा असतो, मॅडम खोली गरम करत असाव्यात. घेतलेली भट्टी त्यांच्या कामाला आली म्हणायची.

रविवार, २५ जानेवारी

उद्यासाठी कोट इस्त्रीला दिला. कॅमेरा आरतीच्या भावाचा. इतिहास घडतो तेव्हा फोटोग्राफर जवळ नसतो, ही चूक मी करणार नाही. आरतीने विचारलं, बोलावलंय का? मी म्हणालो, कर्त्याला आमंत्रण लागत नाही.

सोमवार, २६ जानेवारी. रात्री ८

माळीवाडा स्टँडवरून पहिली एसटी. जामखेड, खर्डा, पुढे जीपच्या मागच्या फळीवर. पोचलो तेव्हा पोरं रांगेत उभी होती आणि झेंडा वर जात होता. मागे चांगल्या जागी बसलो.

रंगुबाई माईकपाशी आल्या. हातात कागद नाही. मी दचकलो, म्हणजे माझं भाषण त्यांनी पाठ केलं की काय! पण पहिल्याच वाक्यात ‘सरपंच’ आलं, ‘ग्रामस्थ’ आले, ‘प्रजासत्ताक’ आलं, आणि शिट्टी? एकही नाही! मी नीट बघितलं. दात किंचित पिवळसर, डावीकडे मुळाशी मिश्रीचा काळपटपणा, एक दात दुसऱ्यावर जरासा चढलेला. माझ्या लक्षात आलं, नायलॉन तोंडात मुरलं. रंग धरला, आकार धरला. शेजारच्या म्हाताऱ्याला सांगितलं, हे दात कॉम्प्युटरचे आहेत. तो म्हणाला, ‘आरं कंचे दात? तिचंच हायेत की!’ असा अभिप्राय विकत मिळत नाही.

रंगुबाई म्हणाल्या, ‘गेल्या साली सांगितलं, बाईला बोलता येत न्हाई. मला बोलता येत हुतं. मला कुनी इचारलं न्हाई.’  पुढच्या रांगेत उपसरपंच स्वतःच्या बुटांकडे बघत बसले. मग बायकांकडून टाळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू सगळीकडे पसरल्या. मीही वाजवल्या. लिहायला हरकत नाही, सगळ्यांत शेवटी थांबलो तो मीच.

शेवटी माईकवरून आवाज आला, ‘ज्यांनी आपल्या सरपंचबाईंचे दात केले, त्यांचा आता सत्कार.’ मी उठलो. कोटाची बटणं लावली. पोरांच्या रांगेतून वाट काढत स्टेजच्या दोन पायऱ्या चढलो. तेव्हा नाव पुकारलं, चांगुणाबाई, राहणार भिंगार.

बायकांच्या बाजूने त्या आल्या. शाल, नारळ. रंगुबाईंनी त्यांना मिठी मारली. मी पायरीवर होतोच, त्यामुळे फोटो जवळून मिळाला.

खाली उतरताना रंगुबाईंनी माझ्या हातात कागदाची पुडी दिली. ‘डाक्टर, तुमचं ह्ये. लई टणक हाय. नातू भवऱ्यासंगं खेळायला मागत हुता, म्या दिलं न्हाई.’

वृषालीमॅडमही आल्या होत्या, त्यांच्या गाडीत जागा होती. चांगुणाबाईंनी दार उघडून धरलं, म्हणाल्या, या की साहेब. मी म्हणालो, मला खर्ड्यात काम आहे. खर्ड्यात मला काही काम नव्हतं. स्टँडवर अडीच तास बसलो.

गुरुवार, २९ जानेवारी

लिहिण्यासारखं काही नाही. कॉम्प्युटर चालू आहे.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सकाळी कुरिअरने एक डबी आली. श्रीगोंद्याचे डॉक्टर. वर लिहिलेलं, ‘कल्याण डेंटल लॅब, चांगुणाबाईंना मिळावे.’ त्यांना अजून कोणी सांगितलं नसावं. आत खालच्या एका दाढेचं माप. साधी दाढ. शुक्रवारपर्यंत हवी.

ठरवलं, ही मी करणार. स्वतः. हाताने. कॉम्प्युटर बंद केला, त्यावर चादर टाकली. गॅलरीतलं प्लास्टर आत आणलं. साच्यात बुडबुडे आले. दुसरा ओतला, तो बरा आला. अकरा वाजता मेण घेऊन बसलो. लावलं, कोरलं, काढलं. परत लावलं. दाढेच्या वर चार उंचवटे असतात, मधून खाचा जातात, एवढं माहीत आहे. कुठला उंचवटा कुठे संपतो, खाच कुठे वळते, ते माहीत नाही. आरसा घेऊन स्वतःच्या तोंडात बघितलं. दिसतं, पण हातात उतरत नाही. साडेचार वाजता सातवी दाढ मोडली.

मला दात कोरता येत नाही. कधीच येत नव्हता. ही रोजनिशी खरं लिहायला घेतली होती, तर हे एक.

आणि अकरा वर्षं जे माणूस समोर बसून ते करत होतं, त्याला मी गॅलरीत बसवलं. याची मला लाज वाटते.

डबी पुसली, खिशात घातली आणि रिक्षाने भिंगारला गेलो. मागच्या खोलीत भिंतीला नवी फळी लावलीय, फळीवर डब्याच डब्या. चांगुणाबाई कोरत होत्या. मी डबी पुढे केली. त्यांनी उघडून उजेडाला धरली आणि विचारलं, ‘कवा द्यायची हाय?’ म्हणालो, शुक्रवारी. त्यांनी मान हलवली, डबी फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, ‘बसा साहेब, च्या सांगते.’ चहा येईपर्यंत त्यांच्या हाताकडे बघत बसलो. सुरी किती हलकी धरतात. चहा पिऊन झाला तरी थोडा वेळ बसलो.

घरी यायला अंधार झाला. आरतीने विचारलं, कुठे होतात एवढा वेळ? म्हणालो, डिलिव्हरीला गेलो होतो.